फिरस्ता, उपरा, धरणग्रस्त : बारामती-इंदापूरच्या माळावरील स्थलांतराची शब्दकथा

कलाशाळांच्या वार्षिक आणि पदवी-प्रदर्शनांतून ‘भटकेपण’ आणि ‘विस्थापन’ ही दोन आशयसूत्रे आता नेहमीची झाली आहेत. दोरीने आवळलेली बोचकी, छताला टांगलेल्या पत्र्याच्या पेट्या, नकाशावर ओढलेले लाल धागे, रिकामी पायताणे ही त्या प्रदर्शनांची ओळखीची सामग्री. जोडीला लावलेल्या टिपणांत भटक्याला सीमा ओलांडणारा, सत्तेच्या चौकटी नाकारणारा, मुक्त असा मनुष्य म्हणून गौरविलेले असते. तरुण कलावंतांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र ‘भटका’ हा शब्द महाराष्ट्रात कोणीही सहज उचलून अंगावर घालावा असा सैल अंगरखा नाही. त्याला महसुली दप्तराचा, पोलीस ठाण्याच्या हजेरीपटाचा आणि आरक्षणाच्या अनुसूचीचा इतिहास आहे. तो इतिहास वगळून केलेली मांडणी देखणी होऊ शकते. ती कोणाविषयी आहे, हे मात्र सांगता येत नाही.

भटक्याला त्याच्या भूमीपासून कापून चित्रात बसविण्याची रीत मुंबई इलाख्यात जुनीच आहे. विल्यम जॉन्सन याने १८६३ ते १८६६ या काळात मुंबईतील ‘जाती-जमातीं’च्या छायाचित्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांतील कित्येक चित्रे जोडकामाची आहेत. माणसे एका ठिकाणी टिपावयाची आणि नंतर दुसऱ्याच दृश्याची पार्श्वभूमी त्यांच्यामागे चिकटवावयाची, अशी ती पद्धत. माणसाच्या पायांखालची जमीन खोटी आणि त्याचा पेहराव तेवढा खरा. सर ज. जी. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली, त्यानंतर दशकही लोटले नव्हते. आजच्या मांडणशिल्पातील पांढऱ्या भिंतीपुढचे बोचके जॉन्सनच्या या चित्रांपासून किती दूर आले आहे, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्यासाठी अमूर्त ‘भटक्या’चा विचार सोडून एका विशिष्ट मुलखाकडे वळावे लागते. पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाचे बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके या दृष्टीने विलक्षण बोलके आहेत.

दक्षिणेला नीरा, उत्तरेला भीमा आणि मध्ये अवर्षणप्रवण माळ अशी या मुलखाची ठेवण. सह्याद्रीच्या पावसाचे पाणी येथे नद्यांतून येते, आभाळातून फारसे येत नाही. अशा पट्ट्यात मेंढपाळ धनगरांची वस्ती का एकवटली, याचे पर्यावरणीय विवेचन माधव गाडगीळ आणि के. सी. मल्होत्रा यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी केले. मेंढीला ओल सोसत नाही, खुरटे गवत मात्र चालते. म्हणून पावसाळ्यात माळावर राहावयाचे आणि दिवाळीनंतर मावळाकडे, घाट उतरून कोकणाकडे निघावयाचे. घोड्यांच्या पाठीवर संसार, रात्री मेंढरांभोवती वाघूर, आणि ज्याच्या शेतात मेंढरे बसवावयाची त्याच्याशी धान्याचा वा पैशाचा ठराव. या जाण्यायेण्यात स्वैर असे काही नाही. कोणत्या वाड्याने कोणत्या गावच्या शिवारात उतरावयाचे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. ज्याला प्रदर्शनातील टिपण ‘मुक्त भ्रमण’ म्हणते, ते वस्तुतः ऋतू, खत आणि उधारी यांनी काटेकोर बांधलेले वेळापत्रक आहे.

त्याला स्वतःचे वाङ्मयही आहे. गुंथर सोंथायमर यांनी धनगरांच्या ओव्या आणि कथा ध्वनिमुद्रित केल्या, त्यांच्या मार्गांनी हिंडून देवतांचा अभ्यास केला. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरील त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ साली आणि त्याचा अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९८९ साली आला. सोंथायमर १९९२ साली निवर्तले. पुढे २०१४ साली बिरोबा आणि धुळोबा यांच्या दोन मौखिक कथनांचा अनुवाद फेल्डहाउस यांनी रामदास अटकर आणि राजाराम झगडे यांच्या सहकार्याने सिद्ध केला. या सामग्रीतून एक गोष्ट ठळकपणे दिसते. धनगरांचा देव स्वतःच चालत येतो. वीरचा म्हस्कोबा सोनारीहून कमळाजी धनगराच्या मागे आला, अशी कथा आहे. सोनारी परांड्याकडची, वीर पुरंदर तालुक्यात नीरेच्या काठी. नकाशावर या दोन गावांना जोडणारी रेघ ओढली, तर ती इंदापूर आणि बारामतीवरूनच जाते. देवाचे मूळ स्थान एक आणि आजचे स्थान दुसरे, यात कथेला काही उणे वाटत नाही. ‘मूळ’ हरवल्याचा शोक या वाङ्मयात शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. तो शोक स्थिर माणसाने भटक्याच्या वतीने केलेला आहे.

स्थिर माणसाच्या दृष्टीचा सर्वांत स्पष्ट मराठी दस्तऐवज म्हणजे त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांव-गाडा’ (१९१५). मुलकी खात्यात आयुष्य गेलेल्या या लेखकाने गावाच्या रचनेचे जे सूक्ष्म वर्णन केले, त्याला मराठीत तोड नाही. ‘फिरस्ते’ हे त्यातील एक स्वतंत्र प्रकरण. गावाबाहेर येऊन उतरणाऱ्या जमातींची त्यात तपशीलवार नोंद आहे; पण नोंदीचा सारा कल कुणब्यावर पडणाऱ्या भाराकडे आहे. गावगाडा हे चाक मानले की फिरस्ता हा त्यात अडकलेला खडा ठरतो. आत्र्यांची कुणब्याविषयीची कळकळ खरी आहे आणि नेमकी तीच त्यांना आंधळे करते. मेंढरे बसविल्याविना शेताला खत कोठून मिळे, टोपल्याविना धान्य कशात भरत, या प्रश्नांची उत्तरे त्यांच्याच तपशिलांत विखुरलेली आहेत. ती एकत्र करावीत असे त्यांना वाटले नाही.

त्यांच्या काळात दुसरा एक शब्द कायद्यातून आला होता. गुन्हेगार जमातींचा कायदा प्रथम १८७१ साली उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि १९११च्या कायद्याने त्याची कक्षा मुंबई इलाख्यापर्यंत आली. जन्माने गुन्हेगार ठरणे, हजेरी देणे, परवान्याविना गाव न सोडणे, तारेच्या कुंपणात राहणे हे सारे त्यातून निघाले. म्हणजे भटक्याचा गुन्हा ‘फिरणे’ आणि त्याची शिक्षा ‘न फिरणे’. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला आणि ‘विमुक्त’ हा नवा शब्द जन्मला. सुटका झाली ती कागदावरील नावातून. गावाची नजर बदलावयास कोणताही कायदा पुरेसा नव्हता.

१९८० हे साल या शब्दकथेत मध्यभागी येते. त्या वर्षी तीन घटना घडल्या आणि त्यांपैकी एकीलाही दुसरीची खबर नव्हती. पॅरिसमध्ये झील दलझ आणि फेलिक्स ग्वातारी यांचा ‘हजार पठारे’ या अर्थाच्या नावाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील भटक्याविषयीचे प्रकरण पुढे जगभरच्या कलाशाळांत पोहोचले. मुंबईत ग्रंथालीने लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ प्रसिद्ध केले. आणि भीमेवर उजनीचे धरण पुरे झाले.

फ्रेंच ग्रंथातील विचार थोडक्यात असा : स्थलांतरित एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूकडे जातो, भटक्याच्या लेखी मात्र वाटच मुख्य आणि बिंदू हे केवळ थांबे. राज्यसंस्था अवकाश आखून वाटून घेते. भटका गुळगुळीत, अनाखलेल्या अवकाशात वावरतो. याचे प्रतीक म्हणून लेखकद्वय नमद्याचा दाखला देते. विणलेल्या वस्त्राला ताणा-बाणा असतो, कडा असतात; कुटून-दाबून केलेल्या लोकरीला ते काही नसते. ही प्रतिमा मोहक आहे. पण बारामतीच्या माळावर ती नेली की घोटाळा होतो. धनगराच्या खांद्यावरची घोंगडी विणलेली असते, तिला ताणा-बाणा आणि काठ असतात, आणि ती विणणारे खुटेकर वा सनगर गावात स्थिर असतात. हिंडणाऱ्या हटकराची मेंढी आणि बसून विणणाऱ्याचा माग यांच्यातील देवघेवीतून ती घडते. भटकेही विणतात, हे त्या ग्रंथकारांना ठाऊक होते आणि त्यांनी ते नमूदही केले आहे. त्यांच्या मागून आलेल्या प्रदर्शन-टिपणांनी ते विसरून टाकले. भटका आणि स्थिर हे परस्परविरुद्ध प्रकारचे मनुष्य नसून एकाच अर्थव्यवस्थेचे दोन हात आहेत, ही गोष्ट घोंगडी सांगते. सिद्धांताला ती सांगावयास अधिक वेळ लागतो.

‘उपरा’चे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. माने यांचा जन्म १९४९चा, फलटण तालुक्यातील सोमंथळीचा. म्हणजे बारामतीसमोर, नीरेच्या पल्याड. कैकाडी कुटुंबाचे गाढवांवरचे बिऱ्हाड, फोकांच्या टोपल्या, एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणे आणि या साऱ्यात मुलाला शाळेत घालण्याचा बापाचा हट्ट, हे या आत्मकथनाचे द्रव्य. १९८१ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठी समीक्षेने त्याचे स्वागत केले ते बहुधा ‘नवे अनुभवविश्व’ म्हणून. या शब्दप्रयोगात एक सोयीस्कर अंतर आहे. हे विश्व नवे होते ते वाचकाला. त्याच्या गावाच्या कडेला ते पिढ्यान्‌पिढ्या उतरत होते, आणि त्याच्या घरची टोपली त्यातूनच आलेली होती.

शीर्षकाकडे नीट पाहिले पाहिजे. ‘फिरस्ता’ या शब्दाचा गाभा हालचाल हा आहे. ‘उपरा’ या शब्दात हालचाल नाही. उपरा कोठेही जात नसेल, आयुष्यभर एका जागी बसून असेल, तरी तो उपराच. कारण त्याला उपरा ठरविणारे गाव आहे. आत्र्यांपासून मान्यांपर्यंतच्या पासष्ट वर्षांत व्याख्येचा भार फिरणाऱ्यावरून ठरविणाऱ्यावर सरकला, आणि हे एका शब्दाने झाले. या कथनातील तणाव फिरणे आणि थांबणे यांच्यातला नाही. थांबू पाहणाऱ्याला थांबू न देण्यातला तो आहे. शाळा हे थांबण्याचे पहिले ठिकाण, आणि तेथेही जातपंचायतीपासून गावकऱ्यांपर्यंत सर्वांचा अडसर. भटकेपणाला स्वातंत्र्याचे रूपक मानणाऱ्याने ‘उपरा’ वाचल्यावर ते रूपक वापरण्यापूर्वी निदान एकदा अडखळावे, अशी अपेक्षा ठेवणे चूक नव्हे. ‘गबाळ’, ‘उचल्या’, ‘तांडा’ ही पुढची आत्मकथने याच वाटेने आली.

याच्या उलट टोकाला व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आहे. तिच्या थोरवीविषयी वाद नाही. तरीही मास्तर हा बाहेरून आलेला निवेदक आहे आणि वाडीचे उठून जाणे हा त्याच्या दृष्टीने शेवट आहे. दुष्काळाने मेंढरे मेली, माणसे पांगली, कादंबरी संपली. मेंढपाळाच्या कथनात मात्र निघणे ही आरंभाची खूण असते. माडगूळकरांनी दुष्काळातील पांगापांग दाखविली, ती ऋतूचे स्थलांतर नव्हते, हे मान्यच. पण मराठी कादंबरीला धनगर दिसला तो वाडीत असेतोवर, वाटेवरचा धनगर तिच्या पकडीत आला नाही. याच संदर्भात भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादापुढेही एक अडचण उभी राहते. ‘टीकास्वयंवर’ (१९९०) मधील लेखांनी साहित्याला भूमीशी जोडून पाहण्याचा आग्रह धरला, त्याने मराठी समीक्षेचे भले झाले. परंतु ज्याच्या नावे सातबारा नाही, ज्याचा देवसुद्धा चालत आलेला आहे, त्याची भूमी कोणती? देशीपणाची कल्पना रुजण्याच्या, मुळांच्या भाषेत मांडली की बिऱ्हाड पाठीवर असलेला माणूस तिच्या बाहेर पडतो. आणि त्याच्याइतका देशी दुसरा कोणी नसतो.

तिसरी घटना उजनीची. धरण आहे माढा तालुक्यात. त्याचे पाणी मात्र इंदापूर, करमाळा, कर्जत आणि दौंडच्या भीमाकाठावर पसरले. मार्च १९६६ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते कोनशिला बसली आणि जून १९८० मध्ये काम पुरे झाले. एकूण साठा सुमारे ११७ अब्ज घनफूट. त्यातील निम्म्याहून अधिक, ६३ अब्ज घनफुटांवर, अचल साठा. म्हणूनच उजनीच्या बातमीत उन्हाळ्यात ‘उणे’ टक्केवारी येते. शून्याच्या खालीही पाणी असते, ही या धरणाची खास परिभाषा आहे.

पुणे जिल्ह्याला धरणाचे विस्थापन नवे नव्हते. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला होता. १९७६ साली महाराष्ट्राने प्रकल्पांमुळे उठणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा कायदाही केला. पळसदेवसारखी गावे नदीकाठ सोडून वर, पुणे-सोलापूर रस्त्याच्या बाजूला आली. ‘धरणग्रस्त’ हा शब्द रूढ झाला. त्याची घडण पाहण्याजोगी आहे : दुष्काळग्रस्त, पूरग्रस्त, तसा धरणग्रस्त, जणू धरण हीसुद्धा निसर्गाची आपत्ती. तरीही या शब्दाला एक किंमत होती. त्याच्यामागे दाखला होता, भरपाईचा हक्क होता, लाभक्षेत्रातील जमिनीची मागणी होती. हा हक्क मोजला जाई तो मुख्यतः सातबाऱ्यावरून. नदीकाठच्या गाळपेरात, पड शिवारात, गायरानात दरसाल उतरणाऱ्या वाड्यांचा हक्क कोणत्याच उताऱ्यावर नव्हता. पाण्याखाली त्यांचेही थांबे गेले. पण थांबा गेला म्हणून कोणाला धरणग्रस्ताचा दाखला मिळत नाही. विस्थापित होण्यासाठी आधी स्थान असावे लागते आणि ते दप्तरी असावे लागते. कलाप्रदर्शनात ‘भटकेपण’ आणि ‘विस्थापन’ हे शब्द एका दमात उच्चारले जातात. इंदापूरच्या दप्तरात मात्र एक शब्द दुसऱ्याला वगळूनच अर्थ मिळवितो.

आणखी एक गंमत येथे नोंदविण्यासारखी आहे. धरणाच्या फुगवट्यावर, भिगवण-कुंभारगावच्या उथळ पाण्यात, दर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. त्यांना पाहावयास पुण्या-मुंबईची माणसे येतात, आणि वर्तमानपत्रे त्या पक्ष्यांना ‘पाहुणे’ म्हणतात. त्याच हंगामात बीड-नगरकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या याच तालुक्यांत उतरतात. त्यांना ‘कोयते’ म्हणतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. आणि त्याच सुमारास मेंढरांचे वाडे पश्चिमेकडे निघतात. एका ऋतूत, एका शिवारात तीन स्थलांतरे. एकाला पाहुणचार, दुसऱ्याला हत्याराचे नाव, तिसऱ्याला वनखात्याची पावती.

वस्तुतः ज्याला स्थिर म्हणावे अशा शेतकऱ्यानेही या मुलखात बस्तान हलविले आहे. नीरा डावा कालवा १८८०च्या दशकात वाहू लागला, आणि सासवड भागातील माळी शेतकरी उसासाठी कालव्याच्या पाण्यामागे बारामतीकडे आले. खंडाने जमिनी घ्यावयाच्या, नवा कालवा निघाला की तिकडे जावयाचे, असे करीत त्यांतील अनेक गोदावरी-प्रवरेच्या कालव्यांवर गेले. १९३०च्या दशकात त्यांनी अकलूजजवळ माळीनगरचा साखर कारखाना उभा केला. इंदापूर तालुक्यात कळंबला वालचंद हिराचंद यांच्या कारखान्याची वसाहत त्याच दशकात वाढली आणि तिचे वालचंदनगर झाले. पाण्यामागे गेलेल्या या माणसांना इतिहासाने ‘उद्यमशील बागायतदार’ म्हटले. गवतामागे गेलेल्यांना ‘फिरस्ते’. मोरोपंतांचे (१७२९–१७९४) घराणे कोकणातून पन्हाळ्यास आणि तेथून ते स्वतः बारामतीस नाइकांच्या आश्रयाला आले. वाङ्मयेतिहासात ते ‘बारामतीचे मोरोपंत’ आहेत, उपरे नाहीत. हालचालीची ही प्रतवारी जात, जमीन आणि आश्रय यांनी ठरते. पायांनी चाललेले अंतर तिच्यात मोजले जात नाही.

एक हालचाल मात्र सर्वांनी शिरोधार्य मानली. तुकोबांची पालखी आषाढीला बारामती, काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या मार्गाने जाते. काटेवाडीला पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या पडतात आणि मेंढरांचे रिंगण होते. धनगर आपला कळप पालखीभोवती धावडवितात. पुढे बेलवाडीला अश्वांचे रिंगण आहे, त्याची छायाचित्रे अधिक निघतात; पण अर्थदृष्ट्या काटेवाडीचे रिंगण अधिक भरीव आहे. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या देवपरंपरेत शोधले. ते स्वीकारल्यास, काटेवाडीच्या रस्त्यावर घटकाभर देव आणि त्याचा मूळ कळप यांची गाठ पडते. सोहळा संपतो, पालखी मुक्कामाला जाते. वाड्यांचे मुक्काम त्यानंतरही गावाबाहेरच पडतात.

अलीकडच्या काळात हा प्रश्न अक्षरावर येऊन ठेपला. ‘भटक्या जमाती – क’ या वर्गात धनगरांना ३.५ टक्के आरक्षण आहे. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘ओरांव, धनगड’ अशी नोंद आहे, आणि ती ‘धनगर’ अशी वाचावी, ही मागणी. जुलै २०१४ मध्ये तिच्यासाठीचे आंदोलन आणि उपोषण बारामतीतच झाले. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये याचिका फेटाळल्या. मागणीच्या योग्यायोग्यतेचा निवाडा करणे हे समीक्षेचे काम नव्हे. आदिवासी संघटनांचा तिला ठाम विरोध आहे, आणि त्यामागे त्यांची कारणे आहेत. परंतु ‘र’ आणि ‘ड’ यांच्यातील फरकावर लाखोंचे भवितव्य टांगलेले असताना संहितापाठाचा प्रश्न केवळ पोथ्यांपुरता आहे, असे मराठीच्या अध्यापकांनी समजू नये.

दृश्यकलेच्या दृष्टीने पाहता या मुलखाच्या भटकेपणाला पहिली समर्थ प्रतिमा मिळाली ती कलादालनात नव्हे, चित्रपटात. नागराज मंजुळे हे करमाळा तालुक्यातील जेऊरचे, म्हणजे उजनीच्या पलीकडच्या तीरावरचे. त्यांच्या ‘फँड्री’ने (२०१३) गावकुसाबाहेरचे कैकाडी घर मध्यभागी आणले, तेथे फिरणे संपलेले आहे, उपरेपण संपलेले नाही. भाऊराव कऱ्हाडे यांच्या ‘ख्वाडा’त (२०१४) मेंढपाळ कुटुंब वाटेवरच आहे आणि धाकट्या मुलाला घर करून राहावयाचे आहे. माडगूळकरांच्या पकडीत न आलेली वाट येथे चित्रचौकटीत येते. घोंगडी, काठी, धूळ हे सारे त्यात आहे. पण त्यातील एकही वस्तू प्रतीक म्हणून टांगलेली नाही, प्रत्येकीला त्या दिवसाचे काम आहे.

२०२४च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा शून्याच्या पुष्कळ खाली गेला आणि जुन्या पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर पाण्याबाहेर आले. माणसे होड्यांनी, गाळ तुडवीत तेथे गेली. कोणी दर्शनाला, कोणी छायाचित्रे काढावयाला, कोणी आपले घर कोठे होते ते मुलांना दाखवावयाला. त्याच मे महिन्यात, २१ तारखेला, करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. धरणापूर्वी या दोन गावांमध्ये नदीचे पात्र होते. आता मधले अंतर तोडावयाचे तर रस्त्याने फार मोठा वळसा पडतो. म्हणून माणसे होडीत बसतात.